‘आई, एका दिवसात सगळं कव्हर होतंय!’

पत्र

नमस्कार ताई,

मी कोल्हापूरची. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, गेल्या वर्षी निवृत्त झाले. मुलगा-सून जर्मनीत असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ते आम्हाला चार दिवस अथेन्सला नेणार आहेत. आम्ही म्हणजे मी, यजमान आणि सासूबाई. सासूबाई ७९ वर्षांच्या, शुद्ध शाकाहारी, चालतात चांगल्या पण चढ नको म्हणतात. यजमानांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे.

एक दिवस खासगी गाडी करून प्राचीन अवशेष आणि समुद्रकिनारा बघायचं मुलानं ठरवलंय. त्याची यादी अशी: कोरिंथचा कालवा, मायसीनी, एपिडॉरसचं नाट्यगृह, नाफ्प्लिओ गाव, आणि संध्याकाळी सूनियोच्या मंदिरापाशी सूर्यास्त. म्हणतो, ‘आई, एका दिवसात सगळं कव्हर होतंय!’ यजमान म्हणतात, पडके दगड बघायला एवढे युरो कशाला, बसनं जाऊ. मला खरं तर कुठंतरी एका जागी निवांत बसायचंय. तीस वर्षं जे फळ्यावर लिहिलं, ते डोळ्यांनी बघायचंय. पण मुलगा हौसेनं करतोय, खर्चही त्याचाच, त्यामुळे बोलायला जीभ रेटत नाही. काय करू?

— एक निवृत्त शिक्षिका

उत्तर

नमस्कार बाई,

शिक्षिका म्हटल्यावर तोंडातून ‘ताई’ निघत नाही, तेव्हा ‘बाई’च म्हणते.

आधी नकाशा काढा, फळ्यावर काढायचात तसा. मधोमध अथेन्स. कोरिंथचा कालवा पश्चिमेला साधारण ८० किलोमीटरवर. तो ओलांडला की पेलोपोनीज हा दक्षिणेचा द्वीपकल्प, आणि तिथे मायसीनी, नाफ्प्लिओ, एपिडॉरस असा त्रिकोण. आता सूनियो. ते नेमकं उलट्या अंगाला, ॲटिकाच्या, म्हणजे अथेन्सभोवतालच्या प्रांताच्या, दक्षिण टोकावर, अथेन्सपासून ७० किलोमीटर. ही सगळी टोकं जोडली तर गाडी साडेचारशे किलोमीटर धावते. म्हणजे कोल्हापूरहून निघायचं, पुण्याला जायचं, मध्ये पाच ठिकाणी उतरून फोटो काढायचे आणि त्याच दिवशी घरी परतायचं. हा बेत तुमच्या सासूबाईंना कोणी इथे सांगितला असता तर त्या काय म्हणाल्या असत्या, ते या सदरात छापता येणार नाही.

त्यात तुम्ही जाताय ऑक्टोबरच्या शेवटी. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी पहाटे तिथली घड्याळं एक तास मागे जातात. त्याच्या आदल्या दिवशी अथेन्समध्ये सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच. तुमचा प्रवासाचा दिवस त्या रविवारच्या अलीकडे पडतो की पलीकडे, हे मुलाला आजच बघायला सांगा. पलीकडे पडत असेल तर या यादीतला सूर्यास्त तुम्हाला एखाद्या ट्रकच्या मागे, हायवेवर बघावा लागेल.

तेव्हा यादी कापायला हवी, यात शंका नाही. काय ठेवायचं एवढाच प्रश्न. मी असते तर पश्चिमेची चारही ठिकाणं कापून फक्त सूनियो ठेवलं असतं. इतिहासाच्या बाईंना मायसीनी सोडायला सांगणं म्हणजे पाप आहे, हे मला कळतं. इ.स.पू. १२५० च्या आसपासचं ते सिंहद्वार, पुरातत्त्वज्ञ श्लीमननं १८७६ साली खणलेल्या राजांच्या कबरी, त्यातलं सोनं. पण बाई, ते सोनं मायसीनीत नाही. ज्याला ‘आगामेम्नॉनचा मुखवटा’ म्हणतात तो आणि त्याच्याबरोबर सापडलेला बराचसा ऐवज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, शहरातच, सपाट फरशीवर. मायसीनीत आहे तो चढ. उघड्या टेकडीवरचा, लाखो पावलांनी गुळगुळीत झालेल्या दगडांचा. नव्या गुडघ्यासाठी आणि ७९ वर्षांच्या पायांसाठी तो माफक नाही. कालव्याचं म्हणाल तर १८९३ साली पुरा झालेला, सहा किलोमीटरहून थोडा लांब, खडकातून सरळ कापलेला तो चर पुलावरून दहा मिनिटांत बघून होतो आणि मग सगळे सँडविच खायला जातात. नाफ्प्लिओ मात्र दहा मिनिटांचं गाव नाही. स्वतंत्र ग्रीसची ही पहिली राजधानी, १८३४ पर्यंत तिथूनच कारभार चालला. तिथे रात्री मुक्काम करावा, सकाळी एपिडॉरसला जावं, दुपारी मायसीनी. पुढच्या खेपेला. (पुढची खेप असते. मुलगा जर्मनीत आहे, मंगळावर नाही.)

आता सूनियोच का, ते सांगते. सुंदर आहे म्हणून नव्हे, सुंदर तर आहेच. तुमच्या फळ्यावरचा एक अख्खा धडा तिथल्या दहा किलोमीटरच्या आत घडलाय, म्हणून.

सूनियोच्या उत्तरेला नऊ-दहा किलोमीटरवर लाव्रिओ हे बंदर आहे. प्राचीन अथेन्सच्या चांदीच्या खाणी इथल्या. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास तिथे चांदीचा मोठा साठा लागला. रिवाज असा की ही मिळकत नागरिकांत वाटून टाकायची. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस उभा राहिला आणि म्हणाला, वाटू नका, जहाजं बांधा. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस २०० जहाजांचा आकडा देतो. तीन वर्षांनी, ४८० मध्ये, पर्शियन आले. त्यांनी अथेन्स जाळलं आणि सूनियोवर उभं राहत असलेलं समुद्रदेव पोसायडनचं जुनं देऊळही मोडलं. मग सॅलॅमिसच्या सामुद्रधुनीत त्याच चांदीच्या जहाजांनी त्यांचं आरमार बुडवलं. विजयानंतर पर्शियनांच्या ताफ्यातली तीन फिनिशियन जहाजं देवांना वाहिली, त्यातलं एक सूनियोला. हेही हिरोडोटसनंच लिहून ठेवलंय. जमिनीतली चांदी, तिची जहाजं, त्या जहाजांनी जिंकलेलं जहाज, आणि ते वाहिलं त्याच टोकावर. तुम्ही आज जे देऊळ बघणार ते त्यानंतरचं, पेरिक्लीसच्या काळातलं, इ.स.पू. ४४४ ते ४४० च्या दरम्यानचं.

आणि जे आपल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकतात तेही तिथेच आहे. त्या खाणींत हजारो गुलाम राबत होते, दिव्याच्या उजेडात, अंग चोरून सरपटावं लागेल अशा बोगद्यांत. लोकशाहीच्या आरमाराचा खर्च त्यांनी उपसला. मुलांना हे सांगायला तासिका पुरत नाही, तुम्हाला माहीतच आहे. म्हणून लाव्रिओत थांबाच, मुलाला आणि सुनेला हे तिथे उभं राहून सांगा. तिथून दोन-तीन किलोमीटरवर थोरिकोस म्हणून जागा आहे. तिथलं नाट्यगृह ग्रीसमधल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक आणि आकारानं चमत्कारिक. नेहमीसारखं गोलसर नाही, लांबट. जणू आराखडा नंतर सुचला. वेळ जुळली तर बघा, नाही जुळली तर हळहळू नका.

माझा दिवस असा असता: सकाळी दहाला आरामात निघायचं, समुद्रकाठच्या रस्त्यानं. ग्लिफाडा, वूलियाग्मेनी, वार्किझा करत. ग्रीसमध्ये गाड्या उजवीकडून चालतात आणि जाताना समुद्रही उजवीकडेच येतो, तेव्हा सासूबाईंना उजव्या खिडकीशी बसवा. वूलियाग्मेनीला कड्याखाली एक तळं आहे, उबदार, किंचित खाऱ्या पाण्याचं. हिवाळ्यातही त्याचं पाणी २२ अंशांच्या खाली जात नाही. तिकीट काढून आत जायचं असतं. सुनेला पोहायचं असेल तर तासभर द्या, तुम्ही काठावर कॉफी घ्या. मग सूनियोचं टोक लांबून बघत सरळ लाव्रिओ, तिथे बंदरावर जेवण. आणि सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी परत सूनियोवर.

दोन तास मी उगाच म्हणत नाही. मी पहिल्यांदा तिथे बसनंच गेले होते, तुमच्या यजमानांच्या मताप्रमाणे. अथेन्सहून तिथवर जाणाऱ्या बस आहेत, काठाकाठानं जातात, दोनेक तास लागतात, पैसे कितीतरी कमी. दोन तरुण पोरं असतील तर मीही बसच सांगेन. पण परतीच्या बसच्या धास्तीनं मी अर्धा बुडालेला सूर्य तसाच सोडून उतारावरून पळत सुटले होते, चपलेचा पट्टा तुटला तो वेगळाच. खासगी गाडीचे पैसे एसीचे किंवा गादीचे नसतात. ‘आता निघू या’ हे तुम्ही म्हणायचं, दुसऱ्यानं नाही, त्याचे असतात. आणि पाच ठिकाणांची यादी केली की नेमकी तीच मुभा तुम्ही पैसे देऊन परत करता. हे वाक्य हवं तर मुलाला वाचून दाखवा.

यजमानांना एवढंच सांगा: ग्रीसमध्ये साध्या टॅक्सीत प्रवासी चारच बसतात आणि तुम्ही पाच आहात. दोन टॅक्स्या किंवा एक मोठी गाडी, हिशेब सारखाच. शिवाय अशा सहलीचे पैसे बहुतेक ठिकाणी माणशी नसतात, गाडीमागे असतात. पाच जणांत भागले की तेवढे बोचत नाहीत. लांबची चार ठिकाणं गेली की तासही कमी होतात, म्हणजे दरही उतरायला हवा. मुलानं तो उतरवून घ्यावा, लाजू नये.

गाडी ठरवताना एक गोष्ट मात्र नीट विचारून घ्या, कारण इथे पुष्कळजण फसतात. जाहिरातीत ‘चालक आणि मार्गदर्शन’ असं लिहिलेलं असतं. चालक गाडीत बसून कितीही गोष्टी सांगू शकतो, पण पुरातत्त्व स्थळाच्या आत माहिती देत फिरवायला ग्रीसमध्ये परवानाधारक गाइडच लागतो. चालक फाटकाशी थांबणार, गाइड हवा तर त्याचे पैसे वेगळे. प्रवेशाची तिकिटं आणि जेवण धरलंय का, हेही विचारा, बहुतेकदा नसतं. माझं मत विचाराल तर सूनियोला गाइड नको. तुम्ही आहात. ते पैसे अथेन्सच्या ॲक्रोपोलिससाठी ठेवा, तिथे चांगल्या गाइडमुळे खूप फरक पडतो. आणि तुमचा दिवस २८ ऑक्टोबरला येत असेल तर लक्षात ठेवा, तो तिथला राष्ट्रीय दिन. सरकारी स्थळांना त्या दिवशी तिकीट नसतं, गर्दी मात्र असते.

मंदिरापाशी काय बघायचं ते तुम्हाला मी काय सांगणार, पण दोन-तीन गोष्टी राहवत नाहीत म्हणून. फाटकापासून वर जाणारी वाट चढाची आहे, पण थोडकी. सासूबाईंना मध्ये दोनदा टेकवत न्या. फाटकाजवळ कॅफे आहे, प्रसाधनगृह आहे, नकोच म्हणाल्या तर त्यांना तिथून समुद्रही दिसतो. वर गेलात की खांबांवरच्या उभ्या खाचा मोजा. डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक शैलीच्या, खांबाला त्या सहसा २० असतात, इथे १६ आहेत. दगड जवळच्याच खाणीतला, पांढराशुभ्र पण मऊ. खाऱ्या वाऱ्यात तो झिजणार हे ओळखून कारागिरांनी खाचा कमी आणि उथळ ठेवल्या, असं समजतात. देवळात पूर्वी ३४ खांब होते. आता उभे आहेत त्यांतले काही मागाहून पुन्हा उभारलेले. खांबांमध्ये जाता येत नाही, दोरी असते. तिथेच एका दगडावर इंग्रज कवी लॉर्ड बायरनचं नाव कोरलेलं आहे. तो १८१० च्या सुमारास इथे आला होता, आणि ते त्यानंच कोरलं असं मानतात. आपल्याकडे गडावर कोणी बदाम काढून नाव कोरलं की आपण त्याला शिव्या घालतो. इथे लोक दुर्बीण लावून ते नाव शोधतात. असो.

खालच्या बाजूला तटबंदीचे अवशेष दिसतील. अथेन्स आणि स्पार्टाच्या पेलोपोनीज युद्धात, इ.स.पू. ४१३-१२ च्या हिवाळ्यात, धान्याची जहाजं या टोकाला वळसा घालून अथेन्सला सुखरूप पोचावीत म्हणून अथेन्सवाल्यांनी सूनियो तटबंद केलं, असं इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो. देऊळ म्हणजे देऊळ आणि चौकी म्हणजे चौकी, दोन्ही एकाच कड्यावर. हे सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग शिकवलेल्या बाईंना समजावून सांगायला नको.

सासूबाईंसाठी राजा एजियसची गोष्ट राखून ठेवा. मुलगा थीसियस क्रीटला राक्षसाशी लढायला गेला. ठरलं होतं की जिंकला तर परतताना पांढरं शीड लावायचं. जिंकला, पण आनंदाच्या भरात शीड बदलायचं विसरला. बापानं लांबून काळं शीड पाहिलं आणि समुद्रात उडी घेतली, म्हणून तो एजियन समुद्र. कोणी म्हणतं उडी सूनियोवरून, कोणी म्हणतं ॲक्रोपोलिसवरून. सासूबाईंना सूनियोच सांगा. पोरं फोन करायला विसरतात, या विषयावर त्यांचं म्हणणं त्या लगेच मांडतील, नातू समोरच असेल.

जेवणाची काळजी करू नका. ग्रीक लोकांत उपासाचे दिवस भरपूर, त्यामुळे ‘निस्तिसिमो’ हा शब्द पाठ करा. म्हणजे उपासाचं: मांस नाही, अंडं नाही, दूध-लोणीही नाही. पण एक मेख आहे. कोळंबी आणि माकूल त्यांच्या उपासाला चालतात! तेव्हा तेही नको, हे स्वतंत्र सांगा. ‘फावा’ मागवा, पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच ते, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. ‘गिगांतेस’ म्हणजे टोमॅटोच्या रश्शातला मोठा पांढरा घेवडा. ‘होर्ता’ ही उकडलेली पालेभाजी, लिंबू पिळून. ‘गेमिस्ता’ म्हणजे भात भरलेले टोमॅटो, पण कधी त्यात खिमा घालतात, विचारून घ्या. तिखट काहीच नसेल. कांदा-लसूण मसाल्याची डबी पर्समध्ये असू द्या. फाव्यावर तो काय लागतो म्हणून सांगू. आणि शाली घ्या सगळ्यांना, त्या टोकावर वारा कान बधिर करतो.

राहिला मुलगा. बाई, तो पाच ठिकाणं कोंबतोय कारण तुम्हाला काय आवडेल ते त्याला ठाऊक नाही. एवढी यादी केली की त्यातलं एक तरी लागू पडेल, असा त्याचा हिशेब. परदेशातल्या मुलांचं हे नेहमीचं. आई-बाबा पंधरा दिवस येणार, मग त्यांना थकेपर्यंत सुख द्यायचं. आणि तुम्ही गप्प, कारण खर्च त्याचा. पण तुम्ही गप्प राहून त्याचे पैसे वाचत नाहीत, उलट जास्त जातात. फोन करा. ‘तुझी यादी नको’ असं म्हणू नका, ‘मला एक जागा निवडून हवीय आणि ती मी निवडलीय’ असं म्हणा. का निवडली तेही सांगा: चांदी, जहाजं, थेमिस्टोक्लीस, सगळं. तीस वर्षं तुम्ही परक्यांच्या मुलांना हे सांगितलंत, घरच्याला बहुधा एकदाही नाही. तो तेव्हा गणिताच्या शिकवणीला असणार. फार तर तो म्हणेल, ‘मायसीनी राहिलं ना गं.’ मग त्याला एक सकाळ राष्ट्रीय संग्रहालयाची द्या. तिथे तो मुखवटा आहे, सूनियोलाच सापडलेला तीन मीटर उंचीचा संगमरवरी तरुण आहे, आणि समुद्रतळातून वर काढलेला ब्राँझचा तो देवही, ज्याच्या हातात वज्र होतं की त्रिशूळ, म्हणजे तो झ्यूस की पोसायडन, यावर विद्वान अजून भांडतात.

त्रिशूळावरून आठवलं. निघण्याआधी एका सकाळी सासूबाईंना घेऊन तुमच्याच गावातल्या टाउन हॉल म्युझियममध्ये जाऊन या. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात पोसायडनची छोटीशी ब्राँझची मूर्ती निघाली. रोमशी व्यापार चालायचा त्या काळात ती समुद्रमार्गे आली आणि घाट चढून कोल्हापुरात पोचली. तीस वर्षं त्या गावात शिकवलंत तेव्हा तुम्ही ती पाहिली असेलच, सासूबाईंनी बहुधा नाही. हा समुद्राचा देव, त्रिशूळवाला, एवढी ओळख करून द्या. तिकडे कड्यावर पोचल्यावर त्या हात जोडतील. यजमानांना म्हणावं, तेव्हा हसायचं नाही.